पिवळे दात पांढरे कसे करायचे? लिंबू-सोडा, चारकोल, एलईडी किट की ब्लीचिंग: काय चालतं, काय नाही



एरवी मी इथे फोनचा कॅमेरा, बॅटरी आणि अ‍ॅप्स यांवर लिहितो. आज विषय थोडा वेगळा आहे, दातांचा. पण सुरुवात कॅमेऱ्यापासूनच झाली, म्हणून इथेच लिहितोय.

वर्क फ्रॉम होममध्ये रोज तीन-चार व्हिडिओ कॉल असायचे. स्क्रीनच्या कोपऱ्यात स्वतःचाच चेहरा दिसत राहतो आणि एकदा का नजर दातांवर गेली की मग दुसरं काही दिसत नाही. पिवळे दात! दिवसाला पाच-सहा कप चहा, कोडिंग करता करता ब्लॅक कॉफी, वर्षानुवर्षं डेंटिस्टचं तोंड पाहिलेलं नाही. एका रात्री रील समोर आली, "३ मिनिटांत मोत्यासारखे दात". अर्धं लिंबू, चिमूटभर खाण्याचा सोडा. मी इंजिनिअर माणूस, तरी विचार न करता बारा दिवस रोज घासलं. तेराव्या दिवशी माठातलं पाणी प्यायलो आणि अशी कळ गेली की ग्लास खाली ठेवावा लागला. दात मात्र होते तेवढेच पिवळे.

त्याच महिन्यात माझ्या मावसबहिणीचा मेसेज आला. ती यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याजवळच्या गावात राहते. "दादा, बायोडेटासाठी फोटो पाठवते. फक्त दात पांढरे करून दे." लहानपणापासून ती हसताना तोंडावर हात धरते, हे मी बघत आलोय. ती सहा महिने चारकोल पेस्ट वापरत होती. हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं आणि डाग तसूभरही हलला नव्हता.

दोघांचे दात पिवळे, दोघांनीही इंटरनेटवरचा उपाय केला आणि दोघांचंही नुकसान झालं. पण आमच्या दातांचं कारण पूर्णपणे वेगळं होतं. बग कुठे आहे हे न बघता फिक्स टाकला तर काय होतं, ते कोणत्याही डेव्हलपरला विचारा.

तर या लेखात आपण पाहणार आहोत की दात पिवळे का दिसतात, आपला डाग कोणत्या प्रकारचा आहे, कोणते उपाय खरंच चालतात आणि ऑनलाइन किट घेण्याआधी काय तपासायचं. एक गोष्ट आधीच सांगतो, मी डेंटिस्ट नाही. हा लेख वाचून तुम्ही डॉक्टरांना नीट प्रश्न विचारू शकलात तरी माझं काम झालं.

आधी फोन तपासा, मग दात

हसू नका, ही पायरी महत्त्वाची आहे. फोटोत दात पिवळे दिसण्याची निम्मी कारणं तोंडाच्या बाहेर असू शकतात.

१. घरातला दिवा. पिवळसर उबदार एलईडी बल्ब साधारण २७०० ते ३००० केल्विनचा असतो. दुपारचा सूर्यप्रकाश ५५०० केल्विनच्या आसपास असतो. पिवळ्या उजेडात पांढरा शर्टही पिवळट दिसतो, मग दात का नाही दिसणार?

२. ऑटो व्हाइट बॅलन्स. कॅमेरा प्रत्येक फोटोत अंदाज लावतो की "यातलं पांढरं काय आहे?" मागची भिंत पिवळी असेल तर एक अंदाज, निळी असेल तर दुसरा. त्यामुळे एकाच दिवशी काढलेल्या दोन सेल्फींमध्ये दातांचा रंग वेगळा येतो.

३. नाईट लाईट. माझा गोंधळ इथेच झाला होता. लॅपटॉपवर संध्याकाळी ब्लू लाईट फिल्टर आपोआप सुरू व्हायचा. तो स्क्रीन पिवळी करतो. म्हणजे कॉलवरच्या बाकीच्यांना मी ठीक दिसत होतो, पिवळा दिसत होतो तो फक्त मला!

४. ब्युटी मोड. बरेच ब्युटी मोड आणि फिल्टर दात गुपचूप उजळ करतात. तो चेहरा बघायची सवय झाली की आरशातले नॉर्मल दातही खराब वाटायला लागतात.

खरा रंग बघायचा असेल तर असं करा. सकाळी दहा-अकराच्या सुमारास खिडकीजवळ उभे राहा, थेट उन्हात नको. ब्युटी मोड, फिल्टर आणि फ्लॅश बंद. प्रो मोड असेल तर व्हाइट बॅलन्स ५५०० वर लॉक करा. हनुवटीजवळ एक पांढरा कागद धरा. दात ओले असू द्या, कारण कोरडे दात जास्त पांढरे दिसतात. असा फोटो महिन्यातून एकदा, त्याच जागी, त्याच वेळी काढा. उपाय चालतोय की नाही हे कळण्यासाठी आरशापेक्षा ही पद्धत बरी.

दात मुळात पांढरे नसतातच

दाताच्या बाहेरच्या थराला इनॅमल म्हणतात. शरीरातला हा सगळ्यात कठीण पदार्थ. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज, आणि जास्तीत जास्त जाडी अडीच मिलिमीटरच्या आसपास. पण हा थर दुधी काचेसारखा अर्धपारदर्शक असतो. त्याच्या आत डेंटिन नावाचा थर असतो आणि तो मुळातच पिवळसर असतो. आपल्याला दिसणारा रंग म्हणजे काचेतून दिसणारी पिवळी भिंत.

यातून दोन गोष्टी निघतात.

पहिली, थोडासा पिवळटपणा हा आजार नाही. डेंटिस्ट रंग मोजायला जी व्हिटा शेड गाइड वापरतात तिच्या जुन्या क्लासिकल संचात १६ छटा आहेत, ए१ पासून डी४ पर्यंत. त्यातली एकही छटा वॉश बेसिनसारखी पांढरीफटक नाही. जाहिरातीतले दात हे बहुतेक वेळा एडिटिंग किंवा व्हिनीयर असतात.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. इनॅमल झिजलं की आतली पिवळी भिंत जास्त दिसते. म्हणजे पांढरे करायला जितकं जोरात घासाल, तितके दात पुढे जाऊन पिवळे होतील. आणि झिजलेलं इनॅमल परत येत नाही, कारण ते तयार करणाऱ्या पेशी दात उगवल्यानंतर उरतच नाहीत. लाळ आणि फ्लोराइड वरच्या पातळ भागाची थोडी डागडुजी करतात, पण गेलेला थर नव्याने बनत नाही. इथे अनडू बटण नाही.

तुमचा डाग कोणता? आधी हे ओळखा

बाहेरचे डाग: चहा, कॉफी, तंबाखू, सिगारेट, पान यांचे. पिवळे, तपकिरी किंवा काळपट. बहुतेकदा हिरडीजवळ, दोन दातांच्या फटीत आणि खालच्या दातांच्या आतल्या बाजूला जास्त. जिभेने तिथे खरखरीत लागतं. क्लोरहेक्सिडिन असलेला माउथवॉश काही आठवडे सलग वापरला तरी असे तपकिरी डाग पडतात.

कीटण: दातांवरचा मऊ थर साफ झाला नाही की लाळेतल्या क्षारांमुळे तो दगडासारखा कडक होतो. ब्रशने निघत नाही, कितीही घासा.

वयाचा पिवळेपणा: सगळे दात सारखे पिवळे, डाग किंवा पट्टे नाहीत. वाढत्या वयात इनॅमल पातळ होतं आणि आतलं डेंटिन जाड होत जातं.

फ्लोरोसिस: खडूसारखे पांढरे ठिपके, पट्टे किंवा तपकिरी चट्टे. दोन्ही बाजूंच्या दातांवर साधारण सारखे, लहानपणापासून. गावातल्या बऱ्याच जणांचे दात तसेच असतील तर संशय पक्का.

औषधाचे डाग: आई गरोदर असताना किंवा मूल आठ वर्षांचं होण्याआधी टेट्रासायक्लिन गटातलं औषध दिलं गेलं असेल तर दातांत करडे-पिवळे आडवे पट्टे येतात.

एकच दात काळवंडलेला: बहुतेक वेळा लहानपणी पडल्यामुळे किंवा बॉल लागल्यामुळे आतली नस मेलेली असते. याला कोणतीही पेस्ट लागू पडत नाही. एक्स-रे काढून घ्या.

माझा प्रकार पहिला आणि दुसरा. बहिणीचा चौथा. तिच्या दातांतला डाग इनॅमलच्या आत होता आणि ती वरून घासत होती.

व्हायरल उपायांचा रिव्ह्यू

लिंबू आणि सोडा. लिंबाच्या रसाचा पीएच दोन ते अडीचच्या आसपास असतो. इनॅमल साधारण ५.५ पीएचच्या खाली विरघळायला लागतं. चिंच किंवा कैरी खाल्ल्यावर दात आंबतात तो अनुभव सगळ्यांना आहे. दातांवर आम्लाचा परिणाम जाणवतोय, याची ती खूण. लिंबू चोळून लगेच घासणं म्हणजे भिजलेल्या भिंतीला तारेच्या ब्रशने घासणं. सोडा एकटा फार खरखरीत नसतो, सोडा असलेल्या पेस्टही मिळतात. पण लिंबू आणि सोडा एकत्र केले की फेस येतो आणि आपल्याला वाटतं साफसफाई चाललीये. तो फेस म्हणजे आम्ल आणि अल्कलीची रिअ‍ॅक्शन होऊन निघणारा कार्बन डायऑक्साइड. लिंबू जास्त झालं तर उरलेलं आम्ल दातांवरच काम करतं. निकाल: नको.

चारकोल पेस्ट. आपल्या आजीची राखुंडी आठवते? तीच कल्पना काळ्या ट्यूबमध्ये भरून महाग झाली आहे. कोळसा विष शोषून घेतो म्हणून डागही शोषून घेईल, असा दावा असतो. पण डाग दाताला चिकटलेला असतो आणि कोळसा फक्त खरवडतो. बाहेरचे डाग थोडे निघतात, म्हणून पहिल्या आठवड्यात फरक वाटतो. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या जर्नलमध्ये २०१७ साली आलेल्या आढाव्यात चारकोलच्या सुरक्षिततेला आणि परिणामाला पुरेसा पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला होता. शिवाय काळे कण हिरडीच्या कडेला आणि जुन्या फिलिंगच्या फटीत अडकतात आणि अशा अनेक पेस्टमध्ये फ्लोराइड नसतं. निकाल: नको.

मशेरी. गावाकडे आजही "मशेरीने दात मजबूत होतात" असं ऐकू येतं. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. दातांना लावणाऱ्या उत्पादनांत तंबाखू वापरायला केंद्र सरकारने १९९२ सालीच बंदी घातली आहे. घरात कोणी लावत असेल तर दातांच्या रंगाची काळजी नंतर करा, आधी तोंडाच्या कॅन्सरची तपासणी करून घ्या. निकाल: अजिबात नको.

हळद, केळ्याची साल, खोबरेल तेलाच्या गुळण्या. यांनी दाताचा रंग बदलतो असं दाखवणारा भक्कम पुरावा नाही. बहुतेकदा नुकसानही नाही, फक्त वेळ जातो. निकाल: स्किप.

निळी किंवा जांभळी पेस्ट. हा प्रकार मला आवडला, कारण तो सरळ कलर करेक्शन आहे. निळा रंगकण दातावर पातळ थर धरतो आणि पिवळ्याला झाकतो. पांढऱ्या कपड्यांना नीळ देतो तसंच. दात बदलत नाही, काही तासांपुरता उजळ दिसतो. निकाल: फंक्शनपुरतं ठीक.

निळ्या दिव्याचं एलईडी किट. दिसायला एकदम सायन्स फिक्शन. पण काम जे काही होतं ते जेलमुळे. लाईट लावल्याने टिकाऊ जास्तीचा फायदा होतो असं बहुतेक अभ्यासांत दिसलेलं नाही. घरगुती किटचा छोटासा एलईडी तर बराचसा देखावाच आहे. निकाल: लाईटसाठी पैसे देऊ नका.

मग खरंच चालतं काय?

पायरी १: स्केलिंग आणि पॉलिशिंग

बाहेरचे डाग आणि कीटण असेल तर सगळ्यात आधी हेच. स्केलरचं टोक सेकंदाला साधारण २५,००० ते ३०,००० वेळा कंप पावतं आणि त्या कंपनाने कीटण तुटून निघतं. सोबत पाण्याचा फवारा असतो. नंतर पॉलिशिंग.

"स्केलिंगने दात ढिले होतात" हे माझी आईसुद्धा म्हणायची. खरं असं आहे की कीटण फटींमध्ये सिमेंटसारखं बसलेलं असतं. ते निघालं की फट जाणवते आणि काही दिवस थंड लागतं. फट कीटणाने आधीच तयार केलेली असते, दिसते मात्र स्केलिंगनंतर.

माझ्या केसमध्ये पस्तीस मिनिटांचं स्केलिंग झालं आणि ठरावीक उजेडातल्या फोटोत स्पष्ट फरक दिसला. ब्लीचिंगची गरजच पडली नाही. बारा दिवस लिंबू घासण्याऐवजी हे आधी केलं असतं तर कळ आली नसती. डॉक्टरांनी पोटॅशियम नायट्रेट असलेली सेन्सिटिव्हिटीची पेस्ट दिली. कळ कमी व्हायला जवळपास दोन महिने गेले. आजही आइस्क्रीम मी डाव्या बाजूनेच खातो.

पायरी २: ब्लीचिंग

स्केलिंगनंतरही दात एकसारखे पिवळे वाटत असतील तर ब्लीचिंग. दाताचा आतला रंग खरोखर उजळवणारे नीट अभ्यासलेले घटक दोनच: हायड्रोजन पेरॉक्साइड आणि कार्बामाइड पेरॉक्साइड. दुसऱ्यातूनही शेवटी पहिलंच तयार होतं. १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडमधून साधारण ३.५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं.

ते काम कसं करतं? रंगीत रेणूंमध्ये दुहेरी बंधांच्या लांब साखळ्या असतात आणि त्या प्रकाशातला निळा भाग शोषतात. निळा गेला की उरतो पिवळा. पेरॉक्साइडचा रेणू इतका लहान असतो की तो इनॅमलमधून आत डेंटिनपर्यंत झिरपतो आणि या साखळ्यांचं ऑक्सिडेशन करतो. साखळी तुटली की रंग जातो. खरवडणं यात कुठेच येत नाही.

याच्या दोन पद्धती आहेत.

घरी ट्रे लावून: डेंटिस्ट तुमच्या दातांचं माप घेऊन पातळ पारदर्शक ट्रे बनवतात. त्यात थेंबभर जेल घालून रात्री झोपताना लावायचा, साधारण दोन ते चार आठवडे. हेवूड आणि हेमन या अमेरिकन दंतवैद्यांनी १९८९ साली ही पद्धत प्रसिद्ध केली आणि आजही १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचा ट्रे हा सर्वात जास्त अभ्यास झालेला पर्याय मानला जातो. हळू आहे, पण भरवशाचा.

क्लिनिकमध्ये: २५ ते ४० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, हिरडी झाकून, तासा-दीड तासाची बैठक. लगेच फरक दिसतो, पण एक मेख आहे. त्या वेळी दात कोरडे पडलेले असतात, त्यामुळे जास्तच पांढरे दिसतात. एक-दोन आठवड्यांत रंग थोडा खाली येऊन स्थिरावतो. लग्न असेल तर आदल्या दिवशी करू नका, निदान तीन-चार आठवडे आधी करा.

दोन्हींमध्ये दात आणि हिरड्या काही दिवस झोंबणं कॉमन आहे, बहुतेकदा ते आपोआप जातं. परिणाम कायमचा नसतो. चहा-सिगारेट चालू असेल तर लवकर ओसरतो. आणि लक्षात ठेवा, कॅप, व्हिनीयर आणि दाताच्या रंगाचं फिलिंग यांवर ब्लीचचा परिणाम होत नाही. समोरच्या दाताला फिलिंग असेल तर तेवढाच तुकडा वेगळ्या रंगाचा उरतो.

कीड, तडा किंवा सुजलेल्या हिरड्या असतील तर आधी ते बरं करा. गरोदरपणात आणि बाळाला दूध पाजत असताना पुढे ढकला. १८ वर्षांखालच्यांनी घाई करू नये. युरोपियन युनियनच्या २०११ च्या नियमानुसार ०.१ टक्क्याहून जास्त आणि ६ टक्क्यांपर्यंत हायड्रोजन पेरॉक्साइड असलेली उत्पादनं फक्त डेंटिस्टमार्फतच देता येतात आणि १८ खालच्यांना देता येत नाहीत. यावरून हे प्रकरण किती गंभीरपणे घेतात ते कळेल.

फ्लोरोसिस असेल तर रस्ता वेगळा

आता बहिणीबद्दल. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. ते जमिनीखालच्या खडकांतून पाण्यात उतरतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड योग्य आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालतं. त्यापेक्षा जास्त पाणी मूल लहानपणी सतत पीत राहिलं तर हिरडीच्या आत तयार होत असलेल्या इनॅमलमध्येच दोष राहतो. समोरच्या दातांसाठी हा काळ साधारण आठव्या वर्षापर्यंतचा. नंतर पाणी बदललं तरी आलेले दात बदलत नाहीत. यात घासण्याच्या आळसाचा काहीही संबंध नाही. माझ्या बहिणीला शाळेत "दात घासत नाहीस का?" असं भर वर्गात विचारलं होतं. ती रोज दोनदा घासायची.

यावर उपाय आहेत, डागाच्या खोलीनुसार:

मायक्रोअ‍ॅब्रेजन: डेंटिस्ट सौम्य आम्ल आणि बारीक प्युमिस वापरून इनॅमलचा अगदी पातळ थर मोजून-मापून काढतात. वरवरचे तपकिरी डाग यात जातात. हे घरी करायचं काम नाही.

रेझिन इन्फिल्ट्रेशन: पांढऱ्या चट्ट्यांसाठी. ही कल्पना एकदम भारी आहे. चांगल्या इनॅमलचा अपवर्तनांक १.६२ असतो. चट्ट्यात बारीक पोकळ्या असतात आणि त्यात हवा (१.०) किंवा पाणी (१.३३) असतं. या फरकामुळे प्रकाश विखुरतो आणि जागा खडूसारखी दिसते. पोकळ्यांत सुमारे १.५ अपवर्तनांकाचं पातळ रेझिन भरलं की फरक घटतो आणि चट्टा आसपासच्या रंगात मिसळतो. कागदावर तेल सांडलं की तो पारदर्शक होतो ना, तसंच.

ब्लीचिंग: एकटं केलं तर कधी कधी पांढरे ठिपके उलट जास्त उठून दिसतात. म्हणून क्रम डॉक्टरांनीच ठरवावा.

कंपोझिट किंवा व्हिनीयर: खूप खोल डाग किंवा खड्डे असतील तरच. व्हिनीयरसाठी दात थोडा घासावा लागतो आणि तो परत येत नाही.

बहिणीने नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवलं. सरकारी ठिकाणी रांग असते, पण खर्च खासगीपेक्षा खूपच कमी. मुंबई आणि छत्रपती संभाजीनगरलाही शासकीय दंत महाविद्यालय आहे. तिचं आधी हिरड्यांचं, मग मायक्रोअ‍ॅब्रेजन आणि शेवटी ट्रेने ब्लीचिंग झालं. तपकिरी डाग जवळपास गेले. पांढरे ठिपके जवळून बघितलं तर अजून दिसतात. तिला डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की शंभर टक्के होणार नाही.

गावात लहान मुलं असतील तर दातांपेक्षा पाण्याकडे बघा. ग्रामपंचायतीकडे किंवा जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत बोअरचं पाणी तपासून घेता येतं. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्याचं प्रमाण वाढतं. आरओ फिल्टरने कमी होतं.

ऑनलाइन किट घेण्याआधी हे ५ मुद्दे तपासा

१. घटकांची यादी आणि टक्केवारी लिहिलेली आहे का? "सिक्रेट फॉर्म्युला" असेल तर सोडून द्या.
२. "पेरॉक्साइड फ्री" म्हणजे आपोआप सुरक्षित नाही. त्याऐवजी काय घातलंय ते वाचा. सायट्रिक आम्ल असेल तर तुमचं लिंबूच परत आलं.
३. आधी-नंतरच्या फोटोत ओठांचा आणि त्वचेचा रंगही बदललाय का? मग बदल व्हाइट बॅलन्सचा आहे.
४. एकाच आठवड्यात आलेले, एकाच साच्यातले पाच स्टार रिव्ह्यू असतील तर सावध.
५. मॉलमधल्या स्टॉलवर किंवा ब्युटी पार्लरमध्ये ब्लीचिंग करू नका. दंतवैद्याची राज्य दंत परिषदेकडे नोंदणी असते. नोंदणी क्रमांक विचारायला लाजायचं कारण नाही.

रोजचं मेंटेनन्स

फ्लोराइड पेस्ट, मऊ ब्रश, दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं. ब्रशचे केस महिन्याभरात फाकत असतील तर तुम्ही जोर जास्त लावताय. सरबत, कोल्ड्रिंक किंवा आंबट खाल्ल्यावर अर्धा तास ब्रश नको, नुसती चूळ भरा. चहा-कॉफीनंतरही साध्या पाण्याची चूळ. चहा तासभर घोट-घोट पिण्यापेक्षा एकदाच पिऊन संपवा. ही सवय मला सगळ्यात जड गेली, पण फरक पडला. सहा महिन्यांतून किंवा वर्षातून एकदा डेंटिस्ट.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पेस्टच्या ट्यूबवरचा हिरवा चौकोन म्हणजे नैसर्गिक आणि काळा म्हणजे केमिकल, खरं का?
नाही. ती खूण ट्यूब बनवणाऱ्या मशीनसाठी असते. ट्यूब कुठे कापायची आणि दुमडायची हे तिथला सेन्सर ती खूण वाचून ठरवतो. व्हॉट्सअ‍ॅपवरचा तो फॉरवर्ड डिलीट करा.

व्हाइटनिंग पेस्टने काही होतं का?
बाहेरचे डाग थोडे कमी होतात. दाताचा मूळ रंग बदलत नाही.

पाण्यातल्या फ्लोराइडने डाग पडतात, मग पेस्टमधलं फ्लोराइड कशाला?
पेस्ट बाहेरून लागते आणि थुंकली जाते. किडीपासून वाचवण्यात तिचा उपयोग सिद्ध आहे. लहान मुलांना मात्र तांदळाच्या किंवा वाटाण्याच्या दाण्याएवढीच द्या आणि गिळू देऊ नका.

फिलिंग बदलायचंय, आधी काय करू?
आधी ब्लीचिंग, मग साधारण दोन आठवडे थांबून नवीन रंगाला जुळणारं फिलिंग.

थोडक्यात

बाहेरचे डाग: स्केलिंग. एकसारखा पिवळेपणा: डेंटिस्टच्या देखरेखीखाली पेरॉक्साइड ट्रे. पट्टे आणि चट्टे: मायक्रोअ‍ॅब्रेजन, रेझिन किंवा डॉक्टर सांगतील ते. एकच काळा दात: एक्स-रे. आणि लिंबू सरबतात घाला.

बहिणीचा तो फोटो मी एडिट केला होता. दोन मिनिटांचं काम होतं आणि फोटो दिसायलाही छान झाला. तिने बघितला आणि म्हणाली, "दादा, भेटायला आल्यावर काय करू? तिथे तर तू नसशील." तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. या दिवाळीत तिने स्वतःच काढलेला सेल्फी बायोडेटाला लावलाय. ठिपके दिसतात. तोंडावर हात मात्र नाही.

तुमच्या गावात असे दात असलेली मुलं असतील तर हा लेख त्यांच्या घरी नक्की पोहोचवा. काही शंका असेल तर खाली कमेंट करा, मला माहीत असेल तेवढं सांगेन आणि नसेल तर तसं सांगेन. भेटूया पुढच्या लेखात.